पारंपरिक पोशाख, पण कोणत्या सालचा?

१/
जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासाने भाविकांच्या वेशभूषेविषयी नियम जाहीर केला. अंग झाकणारा, शक्यतो भारतीय पोशाख असावा. फाटक्या जीन्स, आखूड स्कर्ट अशा वेशात प्रवेश मिळणार नाही, असा त्याचा आशय. लगोलग समाजमाध्यमांवर दोन तट पडले. गंमत अशी, की दोन्ही तटांनी 'पारंपरिक भारतीय पोशाख' हे शब्द अगदी ठरलेल्या अर्थाचे असल्यासारखे वापरले. एकाला तो पोशाख जपायचा होता, दुसऱ्याला झुगारायचा होता. तो नेमका कोणता, कोणाचा आणि कोणत्या सालचा, हा प्रश्न मागेच राहिला. आजचा थ्रेड त्या प्रश्नासाठी.

२/
उत्तर शोधायला लांब जायचे कारण नाही. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर विठ्ठलवाडी मागे पडली की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके ओळीने लागतात. एका गावी साडेनऊशे वर्षांहून जुने, दगडात कोरलेले कपडे आहेत. शेजारच्या गावी फाळणीनंतर सिंधमधून आलेले आणि पुढे शिलाई यंत्रावर जन्मलेले कपडे. तिसऱ्या गावाच्या आसपास भातखाचरांत आणि डोंगरवाड्यांवर नेसले गेलेले लुगडे. तिन्ही आपलेच, तिन्ही परंपरेतले, आणि तिन्हींचे एकमेकांशी अजिबात जमत नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो: साल आणि नेसणाऱ्याचे गाव-घर सांगितल्याशिवाय इतिहासाच्या चर्चेत 'पारंपरिक पोशाख' म्हणू नये.

३/
सुरुवात अंबरनाथपासून. स्थानकाच्या पूर्वेला, वालधुनी नदीच्या काठी शिवमंदिर उभे आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हा काळ दिला आहे. राजा उत्तर कोकणचा शिलाहार मुम्मुणी. लेखातील रूप 'माम्वाणि'. भूमिज शैलीतील या देवळाच्या स्थापत्यावर भरपूर लिहिले गेले आहे. त्याच्या भिंतींवर कोणी काय नेसले आहे, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

४/
पाहिले तर काय दिसते? स्त्री असो वा पुरुष, देव असो वा सेवक, बहुतेकांच्या कमरेखाली न शिवलेले एक वस्त्र आहे. ते अंगाला इतके चिकटलेले, की काही ठिकाणी कमरेच्या मेखलेवरून आणि मांडीवरच्या बारीक रेषांवरूनच ते आहे हे कळते. कमरेच्या वर कापड जवळजवळ नाही. हार, केयूर, कंकणे मात्र भरपूर. केसांचे बंध गुंतागुंतीचे आहेत. स्त्री आणि पुरुष यांच्या पोशाखातला फरक आज आपल्याला वाटतो त्याहून खूपच कमी आहे.

थोडक्यात, या मंदिराच्या भिंतीवरील बहुतेक व्यक्तींना आजच्या नियमानुसार त्याच मंदिरात प्रवेश मिळणार नाही.

५/
हे वाक्य ऐकून टाळ्या वाजवणारे असतात, म्हणून लगेच लगाम घालतो. मूर्ती म्हणजे छायाचित्र नव्हे. भिंतीवर देव, अप्सरा, सुरसुंदरी आहेत; पाणी भरणारी अंबरनाथची बाई नाही. शिल्पकाराला देहाची ठेवण दाखवायची असते आणि पातळ वस्त्र दगडात दाखवण्याचे त्याचे ठरलेले संकेत असतात. म्हणून '१०६० मध्ये सगळ्या स्त्रिया उघड्या छातीने वावरत' असे विधान या भिंतीवरून करता येत नाही. मात्र दुसरे एक विधान नक्की करता येते: उघडे अंग त्या काळी, देवळाच्या भिंतीवर, कोणाला अपवित्र वाटत नव्हते. लाज आणि पावित्र्य यांची सांगड कपड्याच्या लांबीशी अजून घातलेली नव्हती.

६/
दगडाला कागदाची जोड हवी. दहाव्या शतकातील अरब भूगोलकार इब्न हौकल खंबायतपासून सैमूरपर्यंतच्या, म्हणजे आपल्या चौलपर्यंतच्या किनाऱ्याचे वर्णन करतो. हा मुलूख तेव्हा राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली आणि शिलाहार त्यांचे मांडलिक. तो नोंदवतो, की या भागातील मुसलमान आणि मुसलमान नसलेले लोक सारखेच कपडे घालतात, दाढीही सारखीच ठेवतात, आणि उष्म्यामुळे तलम सुती वस्त्रे वापरतात. सिंधमधील मन्सुरा या शहराबद्दल तो उलटे सांगतो: सामान्य लोकांचा पोशाख इराकच्या लोकांसारखा, पण तिथल्या मुसलमान राजांचा केशसंभार आणि अंगरखा हिंदुस्थानच्या राजांसारखा.

पुन्हा वाचा. चौलच्या बाजारात कपड्यावरून धर्म ओळखू येत नव्हता, आणि मन्सुरात राजा हिंदू राजांसारखा नटत होता. कपडा पाहून माणसाचा धर्म ठरवण्याची जी घाई आज होते, ती या किनाऱ्याच्या दहाव्या शतकात कामाची नव्हती.

७/
थोडे आणखी मागे. सहाव्या शतकातील ग्रीक व्यापारी कॉस्मस 'कल्लियाना' बंदरातून जाणाऱ्या मालात पितळ आणि इमारती लाकडाबरोबर कापडाचा उल्लेख करतो. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, उल्हासनगरचे शेजारी. म्हणजे या पट्ट्यातून कपडा जगभर जाण्याची गोष्ट जीन्सपासून सुरू होत नाही.

आणि बाराव्या शतकातील 'मानसोल्लास'. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या या ग्रंथात राजाने वस्त्रांचा उपभोग कसा घ्यावा यावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात अणहिलवाड, नागपट्टण, सिंहल, अगदी महाचीन येथल्या कापडांची नावे आहेत. (सोमेश्वराचे कल्याण हे बिदरजवळचे बसवकल्याण. दरवर्षी कोणीतरी त्याला उल्हास खाडीवर आणून बसवतो, म्हणून सांगितले.) राजाला 'शुद्ध देशी' नेसण्याची चिंता मुळीच दिसत नाही. दूरदेशीचे कापड हेच वैभवाचे लक्षण.

८/
येथे एक हट्टी समज उभा राहतो: 'मूळ भारतीय कपडा न शिवलेला, शिवलेला कपडा मुसलमानांनी आणला.' धोतर-साडी आपली, सलवार-सदरा त्यांचा, अशी वाटणी.

मथुरेला सापडलेला कनिष्काचा मस्तकहीन पुतळा पाहा: लांब अंगरखा, वर जाड झगा, पायांत बूट. काळ दुसऱ्या शतकाच्या आसपासचा, इस्लामच्या जन्मापूर्वीचा. तो परका राजा म्हणून सोडून द्यायचा असेल तर अजिंठ्याला जा. पाचव्या शतकातील चित्रांत न शिवलेली वस्त्रे नेसलेल्या राजाराण्यांच्या भोवती शिवलेले अंगरखे घातलेले सेवक आहेत, बाह्यांच्या चोळ्या घातलेल्या स्त्रियाही आहेत. अमरकोशात शिंप्यासाठी 'तुन्नवाय' आणि 'सौचिक' असे दोन-दोन शब्द आहेत, चोळीसारख्या वस्त्रासाठी 'चोल' आणि 'कूर्पासक'. ज्या समाजात शिवलेला कपडा नाही त्याच्या कोशाला शिंप्यासाठी दोन शब्द कशाला लागतील?

शिवलेला कपडा होता. तो कोणी, कधी, कोणत्या कामाला घालायचा हे वेगळे होते. पूजेला न शिवलेले, घोड्यावर शिवलेले. पुढे सुलतानी आणि मुघल काळात शिवलेल्या कपड्याचा प्रसार नक्कीच वाढला, जामा आणि अंगरखा मराठी दरबारांतही रुळला. प्रसार वाढणे वेगळे आणि आगमन होणे वेगळे, इतकेच.

९/
आता बदलापूर. येथे मंदिर नाही, शिलालेख नाही, आणि मला वाटते थ्रेडचा सर्वांत महत्त्वाचा भाग येथेच आहे.

बदलापूरच्या भोवतालची वस्ती आगरी, कुणबी, ठाकर, कातकरी यांची. भात लावायचा म्हणजे पोटऱ्यांपर्यंत चिखल. डोंगरातून मोळी आणायची म्हणजे चढ-उतार. या कामाला घोट्यापर्यंत लोळणारे वस्त्र चालत नाही. म्हणून या स्त्रियांचे लुगडे गुडघ्यापर्यंत, काष्टा मारून, मांड्यांना घट्ट नेसलेले. तेच नऊ वार लुगडे ब्राह्मण किंवा सरदार घरात घोट्यापर्यंत उतरते. कापडाची लांबी तीच, नेसण्याची पद्धत वेगळी. गुडघा दिसतो की नाही यावरून बाई कोणत्या घरची हे रस्त्याच्या पलीकडून कळत असे.

आज लग्नाच्या हॉलमध्ये 'आमची पारंपरिक नऊवारी' असे कोणी म्हटले की मला विचारावेसे वाटते: कोणती? शेतातली की वाड्यातली? छायाचित्रात नेहमी वाड्यातलीच येते.

१०/
हा भेद निव्वळ सोयीचा नव्हता. डिसेंबर १९२७. महाडला सत्याग्रह परिषद भरली, मनुस्मृतीचे दहन झाले. ते सगळ्यांना माहीत असते. त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांपुढे केलेले भाषण कमी वाचले जाते. त्यांनी सांगितले, की तुमच्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते, ती ओळखू येणार नाही असे राहा. लुगडे गुडघ्यापर्यंत नेसू नका, वरच्या वर्गातील स्त्रियांप्रमाणे खालपर्यंत नेसा. हातापायांत कथलाचे, चांदीचे ढीगभर दागिने घालू नका. कपडा फाटका असला तरी चालेल, स्वच्छ असू द्या.

आणि स्त्रियांनी ते लगेच मानले. परिषद संपण्यापूर्वीच अनेकींनी लुगडे नव्या पद्धतीने नेसायला सुरुवात केली.

११/
हा प्रसंग 'पारंपरिक पोशाख' या शब्दाच्या शेजारी ठेवून पाहा. त्या स्त्रिया ज्या पद्धतीने लुगडे नेसून महाडला आल्या, ती त्यांची परंपराच होती. पिढ्यान्‌पिढ्यांची, अगदी अस्सल. त्यांनी ती एका बैठकीत सोडली, कारण ती परंपरा म्हणजे अंगावर लिहिलेली जात होती. आज कोणी त्यांना 'तुमचा मूळ पोशाख का सोडलात' असे विचारील काय? विचारू नये. पण मग कोणालाही विचारताना हाच प्रसंग आठवावा.

वरच्या जातींतही परंपरेने हेच केले. ब्राह्मण विधवेचे केस काढून तिला तांबडे आलवण नेसवत, चोळी घालू देत नसत. तोही पारंपरिक भारतीय पोशाखच होता, काटेकोर नियमांसह. तो जपा, असे आज म्हणणारा एकही माणूस मला भेटलेला नाही. म्हणजे परंपरेतून निवड तर आपण सारेच करतो. फक्त निवड केली हे कबूल करत नाही.

१२/
आणि ही दुसरी निवड पाहा. आज 'संस्कारी' म्हणून जी साडी डोळ्यांसमोर येते, ती काष्टा नसलेली, आत परकर असलेली, समोर निऱ्या आणि डाव्या खांद्यावर पदर. ही नेसण एवढी सर्वमान्य कशी झाली? एक धागा मुंबईतून जातो. १८६४ मध्ये ज्ञानदानंदिनी देवी, सत्येंद्रनाथ टागोर यांच्या पत्नी, मुंबईला आल्या. बंगाली घरातली एकवस्त्री नेसण बाहेर वावरायला अपुरी होती. त्यांनी येथल्या पारशी स्त्रियांची नेसण पाहिली, तिच्यात फेरफार केले, त्याला परकर आणि पोलक्याची जोड दिली. ती पद्धत बंगालमध्ये ब्राह्मो घरांतून पसरली.

मराठी घरांत हा बदल आला तो 'गोल पातळ' या नावाने, विसाव्या शतकात. काष्ट्याशिवाय धर्मकृत्याला बसू नये, गोल नेसणे हे थिल्लर, असे म्हणणारी वडीलधारी माणसे घरोघर होती. सासूने सुनेला गोल पातळ नेसू दिले याचेही कौतुक होई. त्या गोल पातळाची आज देवळाच्या दारात 'सभ्य भारतीय पोशाख' म्हणून पहिली गणना होते. त्या वेळच्या सनातनी आजीला ही बातमी कोणीतरी सांगायला हवी होती.

१३/
आता परत वळून उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने छावणी बांधली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत ठेवले. संख्या लाखाच्या आसपास. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. आजही लोक पत्ता 'कॅम्प एक' ते 'कॅम्प पाच' असाच सांगतात.

१४/
ही माणसे काय घालून आली? वयस्क स्त्रिया सुथण, म्हणजे घोळदार विजार, वर लांब सदऱ्यासारखा चोलो आणि डोक्यावरून ओढणी. शिकलेल्या घरांतील तरुणी फाळणीपूर्वीच साडीकडे वळू लागल्या होत्या. सरकारी नोकऱ्यांतले आमिल पुरुष कोट-पँटमध्ये. हे सगळे हिंदू, नानकपंथी. धर्मासाठीच घर सोडून आलेले. आणि येथे उतरल्यावर त्यांच्या आयांची ती सुथण इकडच्या काही लोकांच्या डोळ्यांना 'मुसलमानी' वाटली.

मन्सुराच्या राजाची गोष्ट आठवा. सिंधमध्ये कपडा केवळ धर्माप्रमाणे वाटला गेला नव्हता. तो हवामान, पेशा आणि ऐपत यांप्रमाणेही वाटला गेला होता. इकडे मात्र साडी म्हणजे हिंदू, सुथण म्हणजे मुसलमान, असे गणित आपण सोडवून ठेवलेले. एका पिढीत सुथण उल्हासनगरच्या रस्त्यांवरून दिसेनाशी झाली. निर्वासिताने जागा, भाषा, लिपी गमावली, त्या यादीत आईची सुथणही आहे, आणि तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही.

पुढची थट्टा अशी, की काही दशकांनी तोच घाट 'पंजाबी ड्रेस' म्हणून महाराष्ट्रभर घरोघर आला आणि आज वेशभूषेच्या प्रत्येक नियमात 'सलवार-कमीज चालेल' असे लिहिलेले असते.

१५/
सिंधचे नाव आले की मोहेंजोदडोच्या 'पुरोहित-राजा'ची मूर्ती पुढे येतेच: डावा खांदा झाकणारी, तिपानी नक्षीची शाल. १९२५-२६ च्या उत्खननात ती काशिनाथ नारायण दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली सापडली. तिच्या शालीला 'पाच हजार वर्षांचे अजरक' म्हणणारी चित्रे तुम्ही पाहिली असतील. नक्षीतले साम्य हा पुरावा नव्हे, त्यामुळे हा दावा पुढे पाठवू नका. मोहेंजोदडोत चांदीच्या भांड्याला चिकटून मंजिष्ठेने रंगवलेल्या सुती कापडाचे अवशेष मिळाले, हा मात्र खरा पुरावा आहे आणि तो पुरेसा थोर आहे.

१६/
बराकींतून उभे राहताना सिंधी माणसांनी व्यापार आणि छोटे कारखाने काढले. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद तेव्हापासूनचा. त्या कारखान्यांतून पुढे जीन्सचा धंदा वाढला. रेल्वेच्या पूर्वेला, कॅम्प चार-पाचकडे जीन्स शिवण्याची दाट वस्तीच आहे. कापणारा एक, शिवणारा दुसरा, धुणारा तिसरा. आणि तयार जीन्सचे लोंबणारे धागे कापण्याचे काम घेणाऱ्या बायका साडीत. फाटकी जीन्स आपोआप फाटत नाही. कोणीतरी उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेला कारागीर पाते आणि घासयंत्र घेऊन, गुडघ्यावर नेमके किती उसवायचे ते ठरवून ती फाडतो. देवळाच्या दाराशी अडवली जाणारी जीन्स कदाचित तिथून लोकलने दीड तासावर कोणाच्या तरी पोटाचे साधन असते.

१७/
जीन्स पाश्चात्त्य आहे, यात वाद नाही. तांब्याच्या रिव्हेटांची पँट लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी २० मे १८७३ रोजी अमेरिकेत पेटंट केली. पण तिचे शब्द तपासा. निळीचे युरोपीय नाव 'इंडिगो' हे आपल्या देशावरून पडलेले. आणि कामगारांच्या जाड निळ्या कपड्याला इंग्रजीत 'डंगरी' म्हणतात ते मुंबईच्या डोंगरीवरून. तेथील जाड सुती कापड सतराव्या शतकापासून इंग्रजांच्या लिहिण्यात येते.

यावरून 'जीन्स मूळची भारतीय' असा व्हॉट्सअॅपी निष्कर्ष कृपया काढू नका. कपडा, रंग, घाट आणि नाव यांचे गाव एकच असावे लागत नाही, एवढेच यातून दिसते.

१८/
जीन्सची किंमत मोजली ती नदीने. अंबरनाथच्या मंदिराला लागून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरातून कल्याणच्या खाडीकडे जाते. जीन्स धुण्याच्या कारखान्यांचे रंगीत, रसायनांनी भरलेले पाणी तिच्यात सोडले जाई. पाणी निळे होई. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले आणि २०१८ च्या सुमारास अनेक धुलाई कारखाने बंद करण्यात आले. जीन्सवर राग धरायचाच असेल तर हे कारण मला मान्य आहे. गुडघ्यावरच्या भोकापेक्षा नदीतला रंग अधिक अमंगल.

१९/
शिंप्यांचे गाव म्हटल्यावर एक आठवण टाळता येत नाही. संत नामदेव शिंपी. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. सिंधी नानकपंथी घरांत आणि दरबारांत तो ग्रंथ पूज्य. म्हणजे १९४७ मध्ये सिंध सोडताना ज्यांनी ग्रंथसाहिब डोक्यावर घेतला, ते महाराष्ट्राच्या एका शिंप्याची वाणी घेऊन महाराष्ट्रात उतरले, आणि उतरून शिलाई यंत्रावर बसले. यातून काही सिद्ध होत नाही. मला हे फार आवडते, म्हणून लिहिले.

२०/
'म्हणजे नऊवारी-फेट्याचा आमचा उत्साह खोटा?' हा प्रश्न येणारच. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा डोंबिवलीत १९९९ मध्ये गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने सुरू झाली आणि तेथून अंबरनाथ, बदलापूरसह सगळीकडे गेली. शिवलेली नऊवारी, जी पायजम्यासारखी दोन मिनिटांत चढवता येते. मुलींच्या डोक्यावर फेटा, जो आधीच्या पिढ्यांत पुरुषांचा. डोळ्यांवर गॉगल, खाली बुलेट. आजी म्हणेल हे काय सोंग. मी म्हणतो, परंपरा नेहमी अशीच तयार झाली. ही परंपरा पंचवीस-सव्वीस वर्षांची आहे एवढे लक्षात ठेवून ती हजार वर्षांची असल्याचे सांगू नका, मग बुलेट खुशाल चालवा. मुलींनी फेटा बांधणे तर मला या सगळ्यातले सर्वांत आवडलेले पाऊल वाटते.

२१/
राहिला देवळांचा प्रश्न. मंदिराच्या व्यवस्थापनाला नियम करण्याचा अधिकार नाही, असे मी म्हणत नाही. घरात चपला काढा असे आपणही सांगतोच. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना जीन्स-टीशर्ट नको म्हणून परिपत्रक काढले, तेही कार्यालयीन शिस्तीच्या नावाने. संस्कृतीचा हवाला न देता काढलेला नियम निदान प्रामाणिक असतो. केरळातील गुरुवायूरला पुरुषाला सदरा काढून आत जावे लागते, मुंबईत अंग झाकून. दोन्हींना 'परंपरा' हेच कारण दिले जाते. 'आमच्याकडे असा नियम आहे' म्हणा. 'हीच आपली प्राचीन संस्कृती' म्हणू नका, कारण मग अंबरनाथच्या भिंतीवरील मंडळींना उत्तर द्यावे लागेल.

२२/
मंदिर पाहायला जाल तर सकाळी जा, तिरप्या उन्हात मेखलेखालच्या रेषा नीट दिसतात. मूर्तींना हात लावू नका, दगड झिजला आहे.

आणि एक विनंती. घरात आजी-पणजीचे, आजोबा-पणजोबांचे १९७० पूर्वीचे छायाचित्र असेल तर उत्तरांत टाका. सोबत साल, गाव, आणि जमले तर कापड कोठून घेतले व कोणी शिवले ते लिहा. लुगडे काष्ट्याचे की गोल, गुडघ्यापर्यंत की घोट्यापर्यंत, डोक्यावर पगडी की टोपी की काहीच नाही, एवढे जरूर नोंदवा. सिंधी घरांतून सुथणीतल्या आजीचे एखादे छायाचित्र आले तर ते मी सर्वांत वर लावीन.